काचेच्या रॅकवर जड अ‍ॅम्प ठेवताना आणि हलवताना: कामाचा नेमका क्रम

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की साउंड सिस्टिम दुरुस्त करणाऱ्या आम्हा लोकांचे फोन वाजायला लागतात. तक्रार ठरलेली असते. काच फुटली आणि वरचा अ‍ॅम्प (स्पीकरसाठी आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) खालच्या टर्नटेबलवर, म्हणजे तबकड्या वाजवायच्या यंत्रावर, पडला. त्यापाठोपाठ येणारा प्रश्नही ठरलेला: "आठ वर्षं तिथंच होता हो, कधी काही झालं नाही. मग आजच कशी फुटली?"

आठ वर्षं कुणी तो हलवला नव्हता, म्हणून फुटली नाही. सपाट पसरलेलं, स्थिर वजन काच निमूटपणे पेलते. तिला सोसत नाही ते एका टोकावर आलेलं वजन, काठावर बसलेला ठोका आणि पायाखाली अडकलेला वाळूचा कण. या तिन्ही गोष्टी यंत्र ठेवताना किंवा सरकवताना घडतात. म्हणून खाली तयारीला आणि क्रमाला जास्त जागा दिली आहे. प्रत्यक्ष उचलाउचल दहा मिनिटांची असते, तिच्याआधीचं काम अख्ख्या दुपारचं.

धातूच्या खांबांचे हाय-फाय रॅक, काचेचे टीव्ही युनिट आणि भिंतीतली शोकेस, तिन्हींना हे लागू आहे.

## टप्पा १: काच कोणती आहे ते ओळखा

साधी काच आणि टफन काच, म्हणजे तापवून झटकन थंड करून कणखर केलेली काच, दिसायला सारखीच असते. टफन काच तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेच्या साधारण ४ ते ५ पट ताकदीची असते आणि फुटली तर तिचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात. साध्या काचेचे सुरीसारखे लांब तुकडे पडतात.

ओळखायच्या दोन सोप्या खुणा आहेत. पहिली, कोपऱ्यातला शिक्का. बऱ्याच टफन काचांच्या एका कोपऱ्यात कायमचा, न पुसला जाणारा छोटा छाप असतो. टॉर्च तिरका धरून चारही कोपरे पाहा. दुसरी, पोलराइज्ड गॉगल. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा, काच पडद्यासमोर उभी धरा आणि गॉगल घालून आरपार पाहा. टफन काचेत पट्टे किंवा ठिपके दिसतात, गॉगल थोडा फिरवला की ते बदलतात. साधी काच कोरी दिसते.

काठ गुळगुळीत आहे म्हणून काच टफन आहे असं समजू नका. साध्या काचेलाही पॉलिश करून मिळतं.

इशारा: टफन केल्यानंतर काच कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. "जरा मोठी आहे, घरी येऊन कापून देतो" असं काचवाला म्हणाला, तर ती टफन नाही एवढं नक्की.

काच साधी निघाली तर माझा सल्ला स्पष्ट आहे: तिच्यावर अ‍ॅम्प ठेवूच नका. सीडी प्लेयर, रिमोट, तबकड्यांचे दोन-चार कव्हर एवढंच. साध्या काचेवर सतत भार राहिला तर काठावरच्या बारीक चिरा हवेतल्या ओलाव्याने हळूहळू वाढतात, म्हणजे आज पेललेलं वजन तीन वर्षांनी पेलेलच असं नाही. कोकणात आणि मुंबईत ओलावा किती असतो हे वेगळं सांगायला नको.

## टप्पा २: वजन करा, अंदाज नको

घरच्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग यंत्र घेऊन, आणि वजाबाकी करा. उचलून उभं राहणं जमत नसेल तर माहितीपुस्तिकेतला आकडा घ्या. साधा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प (सगळं एकाच डब्यात असलेला) ७ ते १५ किलो भरतो, मोठा पॉवर अ‍ॅम्प (फक्त स्पीकरला ताकद देणारा) २५-३० किलोंच्या पुढेही जातो.

आता ते वजन कुठे आहे ते पाहा. अ‍ॅम्पमध्ये सगळ्यात जड भाग ट्रान्सफॉर्मर, आणि बहुतेक अ‍ॅम्पमध्ये तो मधोमध नसतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे काचेच्या तापणाऱ्या नळ्यांवर चालणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये, तो सहसा मागच्या बाजूला बसवलेला असतो. आळीपाळीने एकेक बाजू जरा उचलली की जड बाजू लगेच कळते. तिथे खडूची किंवा चिकटपट्टीची खूण करा, ती पुढे दोनदा लागणार आहे.

रॅकच्या कागदावर "प्रति शेल्फ २५ किलो" असं लिहिलेलं असतं. तो आकडा सारख्या पसरलेल्या, स्थिर वजनाचा आहे. एकाच बाजूला झुकलेल्या २५ किलोंना तो लागू नाही. मी त्याच्या अर्ध्यावर थांबतो.

जाडीचा हिशेब एकदा समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दोन आधारांमधलं अंतर ५० सेंमी, शेल्फची खोली ४० सेंमी आणि बरोबर मध्ये २० किलो वजन असं धरू. ८ मिमी काच मध्ये अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी वाकते. ५ मिमी काच त्याच वजनाखाली जवळजवळ २ मिमी वाकते, म्हणजे चौपट, आणि तिच्यातला ताण अडीचपट होतो. टफन केल्याने काच जास्त भार सोसते, पण वाकते तेवढीच. आणि अंतर दुप्पट झालं, म्हणजे तेच वजन मीटरभर लांब टीव्ही युनिटच्या मध्यावर ठेवलं, तर वाक आठपट होतो. म्हणून लांब काचेवर जड यंत्र मधोमध ठेवू नका, आधाराजवळ घ्या.

## टप्पा ३: काचेखाली काय आहे ते तपासा

रॅक पूर्ण रिकामा करा. काचा काढा आणि त्या ज्यावर टेकतात ते टेकू एकेक करून बघा.

काच कुठेही उघड्या धातूला लागता कामा नये. मध्ये रबर, नायलॉन किंवा सिलिकॉनची चकती हवी. चकती वाळून तडकली असेल, चपटी झाली असेल किंवा चारपैकी एक गळून पडली असेल तर चारही बदला. चकत्या काही रुपयांना मिळतात. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानातही. एकच नवी घातली तर ती जाड राहते, काच तीन टेकूंवर बसते आणि चौथा कोपरा हवेत.

काच ठेवून समोरासमोरचे कोपरे बोटाने आळीपाळीने दाबा. डुगडुगली तर रॅकच्या पायांचे बोल्ट फिरवून पाणसळीने पातळी साधा. काचेखाली पुठ्ठ्याची घडी सारू नका. पुठ्ठा दबतो आणि पावसाळ्यात ओलावतो.

भिंतीत ठोकलेल्या ब्रॅकेटवर काच असेल तर भिंत कशाची आहे हे कळायला हवं. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. काँक्रीटसाठीचा साधा फास्टनर त्यात पकड धरत नाही, फिरवून घट्ट केला की ब्लॉकचा भुगा होतो. तिथे केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवून बसवायचा बोल्ट) किंवा त्या ब्लॉकसाठीचे खास प्लग लागतात. काय वापरलंय ते माहीत नसेल तर त्या शेल्फवर अ‍ॅम्प नको. काच भक्कम असूनही अख्खं शेल्फ भिंतीतून उपटून येतं.

काही टीव्ही युनिटमध्ये काचेला धातूची गोल चकती फक्त गोंदाने चिकटवलेली असते आणि खांब त्या चकतीत फिरवून बसवतात. ही चकती सुटते. असं युनिट काच धरून कधीच उचलू नका.

तपासणी: काचेचे चारही काठ हातमोजा घालून चाचपा. नखाएवढाही टवका उडालेला असेल तर ती काच बाद. टफन काचेचा बाहेरचा थर दाबाखाली असतो आणि आतला भाग ताणाखाली. ओरखडा किंवा टवका त्या थराच्या पार गेला की अख्खी काच एका क्षणात फुटते, आधी तडा जाऊन सूचना मिळत नाही. टवका घासून गुळगुळीत करायचा प्रयत्न अजिबात नको.

## टप्पा ४: महागड्या यंत्राऐवजी तांदळाने चाचणी

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. शेल्फखाली आणि आजूबाजूला जाड गोधडी अंथरा, खालचं सगळं हलवा, लहान मुलं आणि मांजर दुसऱ्या खोलीत. यंत्राच्या दीडपट वजन होईल एवढ्या तांदळाच्या किंवा पिठाच्या ५-५ किलोंच्या पिशव्या काचेवर अलगद, एकेक करून ठेवा. १२ किलोंचा अ‍ॅम्प असेल तर १८ ते २० किलो.

आधी आणि नंतर काचेच्या पुढच्या काठाशी स्टीलची सरळ पट्टी उभी धरून वाक पाहा. एक दिवस तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी वाक वाढलेला दिसला तर काच वाढत्या प्रमाणात वाकत नसते, टेकू खचतो आहे. टप्पा ३ पुन्हा.

चाचणी फक्त टफन काचेची करा. साध्या काचेने एक दिवस भार पेलला म्हणून ती पुढेही पेलेल असं होत नाही, ते वर आलंच आहे.

## टप्पा ५: काचेवर प्लायचा पाट

काचेवर थेट अ‍ॅम्प न ठेवता मध्ये १८ मिमी प्लायवूडचा पाट घाला. शेल्फच्या मापाचा, चारही बाजूंनी सेंटिमीटरभर लहान. सुतार तासाभरात कापून, काठ घासून देतो. खालून ३ मिमी जाडीचं फेल्ट चिकटवायचं, पण सगळीकडे नाही: काच जिथे टेकलेली आहे, बरोबर त्याच्यावर येईल अशा पट्ट्या किंवा चकत्या. म्हणजे वजन पाट पेलतो आणि ते सरळ टेकूंवर उतरतं. काच मध्ये नुसती दाबली जाते, तिला वाकावं लागत नाही.

काचेचा रॅक काचेसाठीच घेतला, मग लाकूड कशाला, असं विचारणारे भेटतात. पाट काळ्या रंगात रंगवला की तो दोन फुटांवरूनही दिसत नाही. आणि जे काम हा पाट करतो ते दुसरी कुठलीही महाग वस्तू इतक्या स्वस्तात करत नाही.

काही स्पीकरना पायांऐवजी टोकदार खिळे असतात, त्यांच्याबद्दल वेगळं सांगायला हवं. २० किलोंचा स्पीकर ४ खिळ्यांवर, प्रत्येक टोक १ चौरस मिमी, म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर ५ किलो. तेच वजन ३ सेंमी व्यासाच्या रबरी पायांवर असेल तर दाब साधारण ७०० पट कमी. काचेवर उघडा खिळा टेकवू नका, खाली धातूची वाटी आणि तिच्याखाली फेल्ट हवंच. सबवूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) मात्र काचेवर कुठल्याही परिस्थितीत नाही. त्याची जागा जमिनीवर.

## टप्पा ६: यंत्र उचलण्याजोगं करा

क्रम असा: आवाज शून्यावर, आधी पॉवर अ‍ॅम्प बंद, मग बाकीची यंत्रं, मग भिंतीतून प्लग बाहेर. मागच्या जोडण्यांचा मोबाइलवर फोटो काढा आणि मगच वायरी सोडवा. एकही वायर लटकत राहता कामा नये. अर्ध्या उंचीवर उचललेल्या अ‍ॅम्पची विसरलेली स्पीकर वायर खेचली जाते आणि हात वाकडा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प निदान अर्धा तास थंड होऊ द्या.

टर्नटेबलची तयारी जास्त. सुईवर टोपी लावा, टोनआर्म (सुई धरणारा दांडा) क्लिपमध्ये अडकवून वर सैलसर दोरा बांधा, तबकडी उचला, मॅट काढा, प्लॅटर (तबकडीखालची फिरती थाळी) निघणारा असेल तर तो वेगळा काढून ठेवा, वरचं झाकणही काढा. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ सारखं टर्नटेबल १२ किलोंच्या वर जातं. त्यातला प्लॅटर बाजूला केला तरी हाताला फरक कळतो.

पाय उलटे करून पाहा. रबरात अडकलेली वाळू, खडीचा कण, जुन्या फेल्टमध्ये रुतलेलं काचेचं कुसळ ब्रशने काढा. वाळूचा कण काचेपेक्षा कठीण असतो, ओरखडा तोच काढतो.

## टप्पा ७: ठेवणं

सगळ्यात जास्त काचा इथे जातात, म्हणून सावकाश वाचा.

नेहमीची चूक अशी. रॅकला पुढे दोन खांब, वरच्या काचेत आणि खालच्या काचेत २० सेंमीची फट. माणूस अ‍ॅम्प समोरून आणतो, मागचे दोन पाय काचेच्या पुढच्या काठावर टेकवतो आणि बाकीचा ढकलतो. त्या क्षणी जवळजवळ सगळं वजन दोन पायांवर, तेही काचेच्या सगळ्यात कमजोर जागी, काठावर, आणि वर घसरपट्टी. अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर मागे असेल तर आणखी वाईट.

योग्य पद्धत:

१. रॅकला कुलूप लागणारी चाकं असतील तर तो रिकामा असतानाच भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा (चाकं नसतील तर काय करायचं ते खाली आहे). म्हणजे एक माणूस मागे उभा राहू शकतो.

२. वरच्या काचा बसवूच नका. खालून वर जायचं: तळाची काच, पाट, सगळ्यात जड यंत्र, मग त्याच्या वरची काच, मग पुढचं यंत्र. असं केलं की प्रत्येक यंत्र वरून सरळ खाली उतरवता येतं, फटीतून सारावं लागत नाही. जड यंत्र तळाशी आल्याने रॅक डोलतही नाही.

३. पाटावर ३-४ सेंमी उंचीचे दोन लाकडी ठोकळे, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. अ‍ॅम्पच्या पायांना लागणार नाहीत अशा जागी.

४. दोघांनी उचलायचं. जोरदार माणूस टप्पा २ मधल्या खुणेच्या बाजूला. पकड तळाखाली, समोरच्या पट्टीला किंवा बटणांना नाही. अंगठ्या, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल आधी काढून ठेवा. उचलताना पाठ सरळ, गुडघ्यातून.

५. बोलायचं कुणी एकानेच. "खाली" म्हटलं की दोन्ही बाजू एकाच वेळी ठोकळ्यांवर.

६. आता हात मोकळे. हलक्या बाजूचा माणूस आपली बाजू दोन बोटं उचलतो, दुसरा ठोकळा काढतो, बाजू खाली. मग जड बाजू. बोटं चिमटत नाहीत आणि अ‍ॅम्प शेवटचा सेंटिमीटर आपटत नाही.

७. जागा इकडे-तिकडे करायची असेल तर पाटासकट नाही. अ‍ॅम्प पुन्हा थोडा उचलून ठेवा. १ सेंमीसाठी सुद्धा.

काही रॅकमध्ये काचा निघत नाहीत आणि यंत्र फटीतूनच जातं. तिथे एक माणूस समोर, एक मागे, आणि अ‍ॅम्प हातातून हातात द्यायचा, पूर्ण आत येईपर्यंत हवेत. एकट्याने हे होत नाही. एकटे असाल तर थांबा, शेजारच्या काकांना हाक मारा.

तपासणी: सगळं झालं की पाणसळ पुन्हा. पायाखाली कागद सारून बघा, चारही पाय टेकले आहेत ना. अ‍ॅम्पच्या वर निदान १० सेंमी मोकळी जागा. वायरी जोडताना एवढी ढील ठेवा की प्लग ओढला तरी यंत्र हलणार नाही.

मग रॅक भिंतीशी न्यायचा का? चाकं नसतील तर भरलेला नाही. म्हणून दोन फूट पुढे ओढण्याआधीच ठरवा: रॅकला कुलूप लागणारी चाकं नसतील, तर तो त्याच्या कायमच्या जागी, निदान हात जाईल एवढ्या अंतरावर ठेवूनच भरा आणि मागचा माणूस बाजूने काम करेल. चाकं असली तरी फरशीच्या सांध्यावरून भरलेला रॅक नेऊ नका. प्रत्येक सांधा म्हणजे काचेला एक ठोका.

## टप्पा ८: साफसफाईला हलवताना

वरून खाली रिकामं करायचं, ठेवण्याच्या बरोबर उलट. घरकामाला येणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवा की रॅकच्या आतलं पुसायचं नाही. चूक त्यांची नसते, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पाट वापरला नसेल तर रबरी पाय उन्हाळ्या-पावसाळ्यात काचेला चिकटून बसतात. हिसका दिला की काच टेकूवरून उचलली जाते आणि मग खाली आपटते. चिकटलेल्या पायाखालून दात साफ करायचा फ्लॉस किंवा मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी ओढत न्या. दोन मिनिटांत पाय सुटतो.

काच तापलेली असेल तर तिच्यावर ओलं फडकं फिरवू नका. साधी काच तापमानातला साधारण ४० अंशांचा फरकच सहन करते.

काढलेली काच उभी धरून न्यायची, आडवी नाही. ८ मिमीची ५० × ४० सेंमी काच ४ किलोंची असते, टीव्ही युनिटची १० मिमीची १०० × ४५ सेंमी काच ११ किलोंच्या वर. ठेवताना दुमडलेल्या गोधडीवर, भिंतीला किंचित तिरकी टेकवून. उघड्या विट्रिफाइड फरशीवर टफन काचेचा कोपरा टेकवणं हा ती फोडायचा हमखास मार्ग आहे. कोपऱ्याला फरशीएवढं कठीण काही सोसत नाही. पायात बूट असू द्या.

घर बदलताना काचा टेम्पोत आडव्या रचू नका. प्रत्येकीला ब्लँकेट, कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या आणि गाडीच्या लांबीला समांतर उभ्या.

## फुटलीच तर

पडणारा अ‍ॅम्प झेलायला जाऊ नका. आधी मेन स्विच बंद. मग बूट आणि जाड हातमोजे घालून मोठे तुकडे उचला, बाकीचे व्हॅक्यूमने. अ‍ॅम्प लगेच सुरू करून बघायचा मोह आवरा. वरच्या झरोक्यांतून काचेचे कण आत गेलेले असतात आणि पंखा असलेल्या यंत्रात ते पंख्यापर्यंत पोचतात. ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट हललेत का, बोर्ड तडकलाय का, हे झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धक्का बसेल एवढा विद्युतभार उरतो, तेव्हा झाकण जाणकाराकडूनच उघडून घ्या.

नवी काच मागवताना काचवाल्याला चिठ्ठी लिहून द्या: जाडी (निदान ८ मिमी, लांब शेल्फला १० किंवा १२), चौकटीत बसणारी असेल तर माप सगळीकडून २-३ मिमी लहान, चारही काठ पॉलिश, कोपरे गोलसर, भोकं हवी असतील तर ती टफन करण्याआधी. काच फुटली तरी जागेवर धरून राहावी असं वाटत असेल, विशेषतः घरात लहान मूल असेल तर, टफन काचेच्या दोन थरांमध्ये फिल्म असलेली लॅमिनेटेड काच मागा. ती महाग पडते, तळाच्या शेल्फवर ठेवलेल्या टर्नटेबलच्या वरची एक तरी तशी घ्या. आणि शिक्का मागच्या उजव्या कोपऱ्यात हवा असंही चिठ्ठीत लिहा, पुढच्या वेळी टॉर्च घेऊन चारही कोपरे धुंडाळावे लागणार नाहीत.